प्रकल्प नोंदी: वारा नसताना जहाज कसं हलवायचं

१० नोव्हेंबर २०२४

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत कॅपस्टन म्हटलं की लेथ. ‘कॅपस्टनला लाव’, ‘कॅपस्टनवाला आज आला नाही’, हे तीस वर्षं बोलतोय. आज ताई-दाजी शहरात कामाला आले तेव्हा भाचीला माझ्या शेडवर सोडून गेले. नववीतली पोर, एका जागी बसवत नाही. मशीनवर हात ठेवून म्हणाली, “मामा, कॅपस्टन म्हणजे काय?” म्हटलं, हेच की. “हे झालं नाव. पण म्हणजे काय?”

रात्री शोधत बसलो. कॅपस्टन मुळात जहाजावरचा. डेकवर उभा केलेला जाडजूड लाकडी रोळ, त्याच्या डोक्याला चारी बाजूंनी खोबणी, खोबणीत लांब दांडे, आणि दांड्यांना छाती लावून गोल गोल फिरणारे खलाशी. आपल्या लेथच्या टरेटमधून, म्हणजे हत्यारं धरणाऱ्या फिरत्या डोक्यातून, हत्यारं तशीच चारी बाजूंनी बाहेर आलेली असतात, म्हणून हे नाव तिकडून इकडे आलं.

इथवर ठीक. पण मला वाटायचं, कॅपस्टन म्हणजे नांगर वर काढायचं यंत्र. तो अर्धाच उपयोग. वारा पडला, किंवा बंदराच्या तोंडातून नेमका उलटा येतोय, तर जहाजाने काय करायचं? छोटा नांगर होडीत घालून पुढे न्यायचा, पाण्यात सोडायचा, आणि दोर कॅपस्टनवर गुंडाळत जायचं. नांगर हलत नाही, जहाज त्याच्याकडे सरकतं. या छोट्या नांगराला केज म्हणतात आणि या कामाला केजिंग. नांगर तळाशी न टाकता धक्क्यावरच्या खुंटाला किंवा बोयाला दोर बांधून ओढलं तर ते वार्पिंग.

भाचीला फोन करून सांगितलं. दोन मिनिटांनी तिचा उलटा फोन: “जानेवारीत शाळेचं विज्ञान प्रदर्शन आहे. हेच करू या.”

नाशिक आणि जहाज, लोक हसतील. पण नारोशंकराच्या देवळावरची घंटा वसईची आहे, १७३९ च्या विजयानंतर आलेली, पोर्तुगीज, १७२१ सालची. समुद्राची एक वस्तू गोदाकाठी टांगलेली आहेच. आणखी एक आली तर कुठे बिघडलं.

१७ नोव्हेंबर

होडीचा सांगाडा झाला. ४ मिमी प्लाय, लांबी ११० सेंमी, तळ चपटा. आत वाळूच्या पिशव्या ठेवून वजन १४ किलो केलं. रंग नाही, फक्त वॉर्निश.

नांगर मात्र चुकला. ६ मिमीच्या सळईचा दांडा, खाली दोन वाकडे हात, हातांच्या टोकाला चपटी पाती, वर आडवी पट्टी. वेल्डिंग छान बसलं. वाळूच्या बादलीत टाकून ओढला तर घसरगुंडीवरून आल्यासारखा सरळ वर आला. तीनदा केलं, तीनदा तेच.

मग जुनी चित्रं नीट बघितली. आडवी पट्टी हातांच्या पातळीत नसतेच, हातांशी काटकोनात असते. नांगर तळाला पडतो तेव्हा हात आडवे पडतात आणि पट्टी उभी राहते. दोर ताणला की उभी पट्टी आडवी व्हायला बघते, ती आडवी झाली की हात उभे होतात, आणि खालचं पातं जमिनीत शिरतं. म्हणजे पट्टी पकडण्यासाठी नाहीच, नांगराला कूस बदलायला लावण्यासाठी आहे. मी दोन्ही एकाच पातळीत जोडले होते. तोडून पुन्हा जोडलं. पट्टी लाकडी केली, जुन्या नांगरांची असायची तशी. वजन १८० ग्रॅम भरलं. बादलीत आता पहिल्याच ओढीला रुतला.

२४ नोव्हेंबर

कॅपस्टनचा रोळ कॅपस्टनवरच काढला. शेडमधला पोऱ्या हसत होता. बाभळीचं लाकूड, कमरेत व्यास ४० मिमी, डोक्यात सहा भोकं, १०० मिमीचे दांडे. त्रिज्या २० आणि दांडा १००, म्हणजे पाचपट जोर. खऱ्या जहाजावर दांडे माणसापेक्षा लांब आणि एकेका दांड्यावर तीन-चार जण, मग टनांतली ओढ सहज येते.

खटका विसरलो होतो, तो आज अंगठ्याने शिकवला. दोराला दहा किलो टांगून फिरवत होतो, हात सुटला, दांडा गरकन उलटा फिरून नखावर बसला. जहाजांवर रोळाच्या बुडाशी लोखंडी खटके असायचे, एका दिशेने टकटक करत जायचे आणि उलट फिरू द्यायचे नाहीत. ते तुटले तर दांडे माणसांना उडवून द्यायचे. नख काळं पडलंय. खटका उद्या.

मोठ्या नांगराचा दोर कॅपस्टनवर थेट गुंडाळायचेच नाहीत, हे आज वाचलं. ब्रिटिशांच्या ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेच्या नांगराच्या दोराचा घेर २४ इंच होता. एवढा अजगर रोळाभोवती वळणार कसा? म्हणून कॅपस्टनवर बारीक दोराचं एक बंद कडं फिरत असे, आणि जाड दोर त्या कड्याला छोट्या दोऱ्यांनी जागोजागी बांधून पुढे नेत. दोर आत आला की दोऱ्या सोडायच्या, पळत जाऊन पुढे पुन्हा बांधायच्या. केजचा दोर त्या मानाने बारीक, तो थेट रोळावर यायचा. आपली सुतळीही थेट.

१ डिसेंबर

निफाडला ताईकडे. बेत असा की दाजींच्या शेततळ्यात चाचणी घ्यायची. निवांत पाणी, भरपूर जागा. दाजींनी होडी बघितली, कौतुक केलं, कॅपस्टन फिरवून पाहिला. मग नांगर हातात घेतला, पात्याच्या टोकावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हे माझ्या तळ्यात?”

तळाला प्लास्टिकचा कागद. नांगराचं कामच मुळी टोचायचं. तीन आठवडे आम्हा दोघांच्या डोक्यात हे आलंच नाही.

“कागद फाटला तर बाग कशावर जगवू, मेहुणे?” विषय संपला. पण जेवताना त्यांनीच तोड काढली: बांधाजवळची पडीक पट्टी, तिथे चर खणून पाणी भरा, काळी माती आहे, पाणी धरेल. थंडी इतकी होती की हात पाण्यात घालायच्या विचारानेच भाची गप्प झाली.

८ डिसेंबर

चर तयार: ८ मीटर लांब, दीड मीटर रुंद, पाणी ३५ सेंमी. दाजींनी ठिबकच्या मेन लाइनवरून पाणी सोडलं. एका दिवसात बोटभर जिरलं, चालेल.

पहिली चाचणी. भाचीने काठावर उभं राहून नांगर पुढे फेकला. म्हटलं, जहाजावरच्यांना काठ नसतो. मग श्रीखंडाच्या डब्याची होडी केली, नांगर तिच्या मागे लटकवला, बांबूने ढकलत पुढे नेला आणि दोरी सोडली. खऱ्या कामातही हाच भाग जिकिरीचा: वल्ह्यांच्या होडीला जड नांगर आणि शेकडो मीटर ओला दोर पुढे न्यावा लागे, आणि समोरून लाट असेल तर होडीच बुडायची भीती.

कॅपस्टन फिरवला. सुतळी ताणली, क्षणभर काहीच नाही, आणि मग १४ किलोची होडी अगदी सावकाश, आवाज न करता निघाली. भाची ओरडलीच. स्प्रिंग काटा लावून बघितलं तर काट्याची सुई जेमतेम हलते. स्थिर पाण्यात जहाज हलवायला जोर फार लागत नाही, धीर लागतो.

पण शेवटच्या मीटरभरात नांगर निघाला. दर वेळी तिथेच.

१५ डिसेंबर

आज फक्त एवढंच: नांगर कधी सुटतो.

काटा लावून दोर वेगवेगळ्या लांबीचा ठेवून ओढलं. दोर २ मीटर, म्हणजे खोलीच्या सहापट जवळपास: १ किलोच्या वर ओढलं तरी नांगर जागचा हलला नाही. दोर १ मीटर: धरतो, पण कुरकुरतो. दोर ६० सेंमी: हिसका दिला की बाहेर. पाणी उपसून तळ बघितला तर नांगराने मागे एक सुबक सरळ तास ओढलेला. दाजी वाकून बघत होते. “हा धरत नाही मेहुणे, हा नांगरतोय.”

आपल्या भाषेत दोन्हीला शब्द एकच, हे मला इतक्या वर्षांत जाणवलं नव्हतं. एक जमीन सोडत जातो, एकाने सोडायची नाही.

कारणही दाजींनीच सांगितलं, मी आकृती काढत बसलो होतो तोवर. म्हशीचा खुंटा. म्हैस दिवसभर आडवे हिसके देते, खुंटा निघत नाही. संध्याकाळी आपण तोच खुंटा दोन हातांनी सरळ वर ओढतो आणि तो निघतो. दोर लांब असला की ओढ जमिनीला जवळजवळ समांतर, पातं आणखी रुततं. जहाज नांगराजवळ आलं की तोच दोर उभा होतो आणि ओढ वरची होते. म्हणूनच नांगर वर काढायचा असतो तेव्हा खलाशी आधी जहाजच ओढून नांगराच्या बरोबर डोक्यावर आणतात.

म्हणजे आमचा नांगर शेवटच्या मीटरला सुटत होता, तो दोष नव्हता. त्याने तिथे सुटायचंच असतं. त्याआधी दुसरा पुढे पडलेला हवा.

२२ डिसेंबर

दुसरा नांगर केला, त्याला दुसरा श्रीखंडाचा डबा. एक ओढला जातोय तोवर भाची दुसरा पुढे नेते. पहिल्या दोन वेळा दोर एकमेकांत गुंतले, एकदा डबा बुडाला. तिसऱ्यांदा होडी न थांबता चराच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. ८ मीटर, ११ मिनिटं. गोगलगाय याहून वेगात जात नाही, पण होडी एकदाही थांबली नाही.

भाचीला ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन युद्धनौकेची गोष्ट सांगितली. जुलै १८१२, अमेरिकेचा न्यू जर्सीचा किनारा, वारा मेलेला. आयझॅक हल या कप्तानाची एकटी फ्रिगेट आणि मागे पाच ब्रिटिश जहाजं. सगळ्यांनीच होड्या उतरवून आपापलं जहाज वल्ह्यांनी ओढायला घेतलं, पण ब्रिटिशांकडे होड्या जास्त. तेव्हा चार्ल्स मॉरिस या लेफ्टनंटने तळ मोजायला लावला: पंचवीस वावांच्या आसपास, म्हणजे ४५ मीटर. नांगर पोचेल इतकं. जहाजावरचे मिळतील ते दोर जोडून जवळपास अर्ध्या मैलाचा एक दोर केला, केज पुढे नेऊन टाकला, माणसांनी दोर ओढला, आणि एक उचलेपर्यंत दुसरा पुढे. मागच्यांना कळेना की हे वाऱ्याशिवाय पळतंय कसं. कळल्यावर त्यांनीही तेच सुरू केलं. हलने वजन कमी करायला पिण्याचं २,३०० गॅलन पाणी समुद्रात ओतलं, आणि शिडांवर पाणी मारलं, कारण ओलं कापड हवेची झुळूकही अडवतं. दोन दिवसांहून जास्त हा खेळ चालला आणि तो निसटला.

“आपल्याकडे कोणी नव्हतं का असं करणारं?” भाची. आपल्याकडे त्या कामाला गलबतं होती. आंग्र्यांच्या आरमारात गुराब जड, तोफा तिच्यावर. गलबत हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं पुढे होऊन गुराबेला ओढत नेत. नांगराऐवजी माणसांचे हात. तिला हे जास्त आवडलं, प्रदर्शनाच्या तक्त्यावर घालणार म्हणाली.

२९ डिसेंबर

आज भरती-ओहोटी. चराच्या एका टोकाला माती टाकून उंचवटा केला, होडी त्यावर चढवली आणि पाणी चार बोटं उपसलं. होडी अडकली, कलली. आता मागच्या बाजूने नांगर टाकून ओढलं. सुतळी तुटली. दुहेरी केली, तर होडी जागची हलेना, नांगरच सरकत आला.

इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकचं ‘एंडेव्हर’ जहाज असंच अडकलं होतं, जून १७७०, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेचे प्रवाळ. त्याने सहा तोफांसकट चाळीस-पन्नास टन सामान फेकलं, चहूबाजूंनी नांगर टाकून दोर ताणून ठेवले. दिवसाची भरती कमी पडली. रात्रीची मोठी असते, तिची वाट बघितली आणि साधारण तेवीस तासांनी, पाणी चढल्याबरोबर सगळ्या दोरांवर एकदम ओढून जहाज मोकळं केलं. त्या तोफा १९६९ मध्ये समुद्रातून सापडल्या.

आम्ही वाळूच्या दोन पिशव्या काढल्या, दोर ताणून खटका बसवला आणि दाजींना व्हॉल्व्ह उघडायला सांगितलं. वीस मिनिटं काही नाही. आम्ही चहा पीत होतो. मग सुतळी आपोआप सैल पडली, कारण होडी कधी निघाली ते कोणाला दिसलंच नाही. नांगराचं काम इथे ओढायचं कमी आणि तयार राहायचं जास्त होतं.

५ जानेवारी २०२५

आजचा दिवस फजितीचा.

क्लब-हॉलिंग करायचं होतं. हा सगळ्यात धाडसी प्रकार. वारा जहाजाला किनाऱ्यावर लोटतोय, खडक जवळ, आणि जहाजाला तोंड वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळायचंय पण वेग पुरत नाही. तेव्हा तोंड वाऱ्याकडे वळवायला घ्यायचं आणि गती मरताच वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूचा नांगर सोडायचा. नांगर धरतो, जहाजाचं नाक झटक्यात वाऱ्यात येतं. त्याच नांगराला पिछाडीकडून आणखी एक दोर बांधलेला असतो. नाक फिरलं की नांगराचा मुख्य दोर तोडायचा, पिछाडीच्या दोराने जहाज आणखी वळतं, शिडं दुसऱ्या बाजूने भरतात, मग तो दोरही तोडायचा. नांगर गेला तो गेला. संधी एकच. डिसेंबर १८१२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर जॉन हेज या कप्तानाने ७४ तोफांचं ‘मॅग्निफिसंट’ असं फिरवलं आणि पुढे जन्मभर जहाजाचंच नाव त्याला चिकटलं.

आमच्याकडे वारा नव्हता. दाजी म्हणाले, ब्लोअर आहे की. द्राक्षांवर औषध मारायचा, ट्रॅक्टरला जोडलेला. मला नको म्हणायला हवं होतं. शीड लावलेली होडी चरात सोडली, दाजींनी ब्लोअर चालू केला आणि होडी वळली नाही, उडाली. शीड चिखलात, वाळूच्या पिशव्या तळाला, ताई घरातून ओरडतेय.

मग घरातला टेबल फॅन, लांब वायर, पाण्यापासून चार हात दूर. पाच वेळा केलं. तीन वेळा नांगर वेळेवर धरला नाही. चौथ्यांदा धरला, होडी सुरेख वळली, आणि भाचीने कात्रीने चुकीचा दोर कापला. पाचव्यांदा दोन्ही दोर बरोबर क्रमाने, होडी दुसऱ्या बाजूला पळाली. व्हिडिओ कोणी काढलाच नाही.

कापलेला नांगर चिखलात हरवला. हाताने चाचपडलं, मिळाला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. येवल्याहून दाजींचे पाहुणे पतंग घेऊन आलेले. त्यांच्या हातातली आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायची फिरकी, गरागरा फिरते ते भाची बराच वेळ बघत होती. “मामा, हा आडवा कॅपस्टन झाला ना?” जवळजवळ. आडव्या रोळाचं यंत्र जहाजांवर असायचंच, त्याला विंडलास म्हणतात. फक्त पतंग ओढला की आसारी जागेवर आणि पतंग येतो. तिळगूळ खाल्ला, काम काही नाही.

१९ जानेवारी

पालखेड धरणाचं पाणी सुटलंय, दाजींच्या बांधालगतची चारी (कालव्याचा छोटा फाटा) भरून वाहतेय. वाहत्या पाण्याचा प्रयोग राहिला होता.

आधी होडी नुसती सोडली, सुकाणू बांधलेलं. सुकाणू कसंही वळवा, होडीला फरक नाही. भाची चिडली, सुकाणू तुटलंय म्हणाली. तुटलं नव्हतं. होडी पाण्याबरोबरच चालली होती, म्हणजे सुकाणूजवळून पाणी वाहतच नव्हतं. सुकाणूवर पाणी सरकलं पाहिजे, तरच ते वळवतं.

मग नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, सायकलच्या चेनचा तुकडा खाली सोडला, तळाला घासेल इतकाच. नांगर पूर्ण रुतवायचा नाही, फरफटू द्यायचा. होडीचं नाक प्रवाहाकडे वळलं आणि ती पाठ पुढे करून, पाण्यापेक्षा हळू, खाली निघाली. आता पाणी तिच्या अंगावरून पुढून मागे जातंय. सुकाणू किंचित वळवलं आणि होडी तिरकी होऊन अलीकडच्या काठाकडून पलीकडच्या काठाला सरकली. उलटं वळवलं, परत आली. थेम्स नदीवर बिनवाऱ्याच्या ओहोटीत मालाच्या होड्या असंच नांगर फरफटवत पुलांच्या कमानींतून नेत. आमच्याकडे कमान एकच, रस्त्याखालची मोरी. भाचीने ती मधोमध काढली. मोरीवर शेळ्या घेऊन थांबलेल्या आजींनी विचारलं, “ही उलटी का चाललीय?” भाचीने त्यांना पूर्ण समजावून सांगितलं, शेळ्या पुढे निघून गेल्या तरी.

मला विचाराल तर सगळ्या प्रयोगांत हा उत्तम. पण प्रदर्शनाच्या टेबलावर चारी कशी नेणार?

२५ जानेवारी

टेबल सहा फुटांचं मिळालं. कॅपस्टन, होडी, दोन श्रीखंडाचे डबे, आणि काळ्या मातीचा थर दिलेला काचेचा हौद, त्यात नांगर. बघणाऱ्याने दोर आधी आडवा ओढायचा, मग उभा. दिवसभर पोरं तेवढंच करत होती, तक्ता फारसा कोणी वाचला नाही. एका परीक्षकांनी विचारलं, नांगर म्हणजे थांबायला ना? भाचीने त्यांच्या हातात दोर दिला.

२ फेब्रुवारी

चर बुजवायचा होता. दाजींनी बजावलं, आधी तुमचं लोखंड शोधा, नाहीतर रोटाव्हेटरची पाती जातील. चर आटलेला, तळाला भेगा. एका भेगेतून सुतळीचं टोक दिसलं. हाताने ओढलं, आडवं, येईना. वर ओढलं तरी येईना, माती वाळून घट्ट झालेली. शेवटी भाचीने खुरप्याने वीतभर खणलं. पातं खाली, लाकडी पट्टी आडवी, दांडा जमिनीला समांतर, जसा सोडला होता त्याच दिशेने तोंड करून बसलेला होता.